‘घाटावरचा वारा’चं आठवं गाणं

मी पाटबंधारे खात्यातला निवृत्त वरिष्ठ लिपिक आहे, ज्येष्ठ नागरिक आहे आणि रॉक गायक आहे. यातल्या पहिल्या दोन गोष्टींचे कागद माझ्याकडे आहेत. तिसऱ्या गोष्टीचा कागद करायला निघालो तेव्हा जानेफळपासून बीबीपर्यंत माझी जी काय शोभा झाली, ती मीच सांगितलेली बरी. नाहीतर आमचे शेजारी माणिकराव सांगतीलच, आणि त्यांच्या सांगण्यात मी नेहमी थोडा बावळट असतो.

त्या दिवशी मी कूलरचं गवत बदलत होतो. फोन वाजला.

“नमस्कार, शेखर जानेफळकर बोलताहेत का?”

या नावानं मला सदतीस-अडतीस वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. आधार कार्डावर मी चंद्रशेखर उकंडराव अवचार आहे. मी एकदा मागं वळून पाहिलं. मागं फक्त कूलर होता.

बोलणारा मुलगा पुण्याचा, नाव सागर. विस्मृतीत गेलेलं जुनं संगीत शोधून नव्यानं काढायचं, असा त्याचा उद्योग. त्याला जुन्या बाजारात एका ढिगाऱ्यात आमची कॅसेट सापडली होती. ‘घाटावरचा वारा’, सन एकोणीसशे सत्त्याऐंशी.

“सर, त्या काळात मराठीत इतका सुंदर मेलोडिक रॉक, आणि तोही बुलडाणा जिल्ह्यातून! हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?”

“मी आणून द्यायचा बराच प्रयत्न केला होता,” मी म्हणालो.

मेलोडिक रॉक म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. यात गिटार कळवळते, ड्रम आदळतात, पण गाणं असं असतं की ते आईलासुद्धा भाकरी थापताना गुणगुणता यावं. गिटार आणि आवाज माझा, कॅसिओवर माणिकराव, आणि ड्रमवर बीबीचा तुळशीराम, जो तोवर मामाच्या बँडमध्ये वरातीपुढं ढोल वाजवत असे. अकोल्याला दोन दिवसांत आठ गाणी रेकॉर्ड केली आणि ती घेऊन तिघं पुण्याच्या एका कॅसेट कंपनीत गेलो. तिथल्या साहेबांनी डोळे मिटून ऐकलं. चाली उत्तम आहेत म्हणाले, आवाज उत्तम आहे म्हणाले, फक्त तेवढं ‘मले’चं ‘मला’ करा, ‘येऊन राह्यलो’चं ‘येत आहे’ करा, ऐकणाऱ्याला गावंढळ वाटतं.

 तुळशीराम बोलला. “साहेब, ‘मला’ म्हनलं का गान्यातली पोरगी पुन्याची वाटते. आमाले बीबीची पाह्यजे.”

आम्ही उठलो आणि परत आलो. तीनशे कॅसेटी आमच्या आम्हीच काढल्या. या गोष्टीचा मला तेव्हाही अभिमान होता, आजही आहे, आणि मधल्या काळात तो कुणालाच नव्हता म्हणून माझा मीच जपून ठेवला आहे.

तर सागरकडे सात गाणी होती. आठवं नव्हतं. आठवं म्हणजे दुसऱ्या बाजूचं शेवटचं, ‘शेवटची एसटी’. त्याच्या कॅसेटमध्ये त्या जागी एक गृहस्थ दुभत्या म्हशीची लक्षणं सांगतात, शिंगांपासून शेपटीपर्यंत. “ते गाणं मिळालं तर पाहा सर,” तो म्हणाला, “नाहीतर सातांवरच अल्बम काढू.” शिवाय शेखर जानेफळकर आणि चंद्रशेखर अवचार ही एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र त्याला हवं होतं, दोन साक्षीदारांच्या सह्यांसकट.

सात गाणी बरी होती, हे मीच सांगतो. आठवं गाणं मात्र झालं होतं. माणसाच्या हातून आयुष्यात एखादी गोष्ट पूर्ण उतरते, आणि माझी ती होती. तीच वगळून बाकीचं जगापुढं जाणार, या कल्पनेनं मला दुपारचं जेवण गेलं नाही.

घरातली प्रत लोखंडी कपाटात होती. मी टेपरेकॉर्डर झाडून पुसून लावला. सूर यायच्या ऐवजी एक लहान मूल “बाबा, बाबा, भू” असं म्हणू लागलं. ती आमची मुलगी अर्पिता होती, तेव्हाचं वय वर्ष एक. पुढं दोन्ही बाजूंना हेच.

“छाया!” मी ओरडलो. “यावर अर्पिता कशी आली?”

“मी भरली,” छाया स्वयंपाकघरातूनच म्हणाली. “पोरगी पह्यल्यांदा बोलून राह्यली होती, घरात कोरी कॅसेट नव्हती.”

“अगं पण ही कोरी नव्हती!”

“तुमचं गानं तुमाले पाठ होतं नं? पोरगी काय रोज पह्यल्यांदा बोलते?”

 मी अर्पिताचं “भू” शेवटपर्यंत ऐकलं.

इथं एक तांत्रिक बाब सांगायला हवी. गाण्यांच्या कॅसेटवर कुणी दुसरं काही भरू नये म्हणून तिच्या डोक्यावरच्या दोन बारीक खिडक्या मोडलेल्या असत. जगभर एवढं पुरत असावं. आमच्याकडं त्या खिडक्यांवर चिकटपट्टी लावली की कॅसेट पुन्हा कोरी, हे पहिलीतल्या पोराला ठाऊक होतं. त्यातून आम्ही हौसेनं भारीतली टेप वापरलेली. आणि मूळ चूक माझीच. विकल्या न गेलेल्या कॅसेटी मी दोन वर्षं नातेवाइकांच्या लग्नात आहेर म्हणून दिल्या. चांगली भारी टेप, वर रंगीत कव्हर, आणि ज्या घरात नुकतंच लग्न लागलंय तिथं भरून ठेवण्यासारखे आवाज पुष्कळ. माझा अल्बम जिल्हाभर पोहोचला आणि पोहोचला तिथं तिथं पुसला गेला.

माणिकरावांच्या प्रतीवर त्यांचा ग्रामपंचायत निवडणुकीचा प्रचार निघाला. “विकासाची गंगा जानेफळात आनाची आसन तं...” असा स्वतःचाच आवाज ऐकून ते भारावून गेले आणि दोनदा मागं घेऊन ऐकलं.

“काऊन बे माणिक,” मी म्हणालो, “तू स्वतः कॅसिओ वाजवला आहेस यात!”

“थो काळ येगळा होता,” माणिकराव म्हणाले. “आन आकरा मतानं पडलो मी. तुया गान्यानं कोनी पडलं काय?”

तेव्हापासून त्यांनी ही मोहीम आपल्या हाती घेतली. गल्लीत वार्ता फुटली आणि सल्ले येऊ लागले. शेजारच्या सत्यभामाबाईंनी कॅसेटला हळदीकुंकू लावून पुन्हा ऐकायला सांगितलं. कुणी म्हणालं, वृद्ध कलावंत मानधनाचा अर्ज भरा. तो भरायला घेतला तर कलाप्रकारांत कीर्तन होतं, भारूड होतं, गोंधळ होता, दंडार होती. माणिकराव म्हणाले, “इतर मध्ये टाक.” मी टाकलं नाही. एवढी वर्षं इतर मध्येच तर काढली होती.

धाड या गावी माझी झुंबरमावशी असते. तिच्या मुलीच्या लग्नात मी कॅसेट दिल्याचं मला पक्कं आठवत होतं. एसटीनं बुलडाणा, तिथून जीपनं धाड, आणि दिवस नेमका बाजाराचा. जीपमध्ये माझ्या मांडीवर एक कोबीचं पोतं आणि पोत्यावर त्याच्या मालकाचा हात, असा मी पोहोचलो. मावशीनं कॅसेट देव्हाऱ्याखालच्या डब्यातून काढली. जीव हरखला. लावली, तर तिच्यावर साऱ्या धाडच्या बायांचे उखाणे. एकामागून एक साठ. मावशी प्रत्येकीची ओळख करून देत होती.

“हे पाय, हे चंद्रभागा. आता नाही राह्यली. आयक तिचं: ‘पितळीच्या परातीत पुरनाचा गोळा, रावांचं नाव घेते, साऱ्या गावाचा डोळा.’ आवाज पाय कसा खणखणीत!”

एक्केचाळिसाव्या आणि बेचाळिसाव्या उखाण्यांच्या मधे कुणीतरी बटण उशिरा दाबलं होतं. तिथं तीन सेकंद माझी गिटार ऐकू आली. फक्त तीन. मी ती जागा चौदा वेळा ऐकली. पंधराव्या वेळी मावशी म्हणाली, “आता बस कर, ढमढम काय आयकतं? पुढं मायं नाव हाये.”

प्रतिज्ञापत्राचं प्रकरण दरम्यान मेहकरात चालू होतं. सेतू केंद्रातल्या सारिका मॅडमनी विचारलं, उत्पन्नाचं, जातीचं की रहिवासाचं? मी म्हणालो, मी मीच असल्याचं. त्यांनी यंत्रावर अंगठा ठेवायला सांगितला. ठसा उमटेना. दुसरं बोट, तिसरं बोट, काही नाही.

“गिटारच्या तारांनी झिजलीत,” मी जरा मान वर करून म्हणालो.

“काका, तीन महिने कापूस येचला का साऱ्याच बायांचं असं होते,” त्या म्हणाल्या. “खोबऱ्याचं तेल लावून उद्या या.”

नोटरी वकिलांना दोन साक्षीदार हवे होते, सत्त्याऐंशी साली मला गायक म्हणून ओळखणारे. पहिले माणिकराव, उत्साहानं आले. पण कव्हरवर छापलं होतं, ‘कॅसिओ: मॅनी’. ते नाव त्यांनीच तेव्हा हट्टानं घातलं होतं. वकील म्हणाले, मग हे मॅनी म्हणजे माणिकराव, याचं वेगळं प्रतिज्ञापत्र लागेल. ते झालं, पण त्यात मला साक्षीदार व्हायची बंदी. मी मीच असल्याचा साक्षीदार तो, आणि तो तोच असल्याचा साक्षीदार मी, हे कायद्याला चालत नाही. अखेर मॅनीच्या बाजूनं त्यांच्या बायकोनं सही केली, आणि “मॅनी कोन व्हय?” असं ती वाटेत दोनदा म्हणाली.

दुसरा साक्षीदार मिळेना. कव्हरवर स्वतःच्या खऱ्या नावानं छापलेला एकटा तुळशीराम होता, ‘ड्रम: तुळशीराम, मु. पो. बीबी’, आणि तो तीन वर्षांपूर्वी गेला. त्याची बहीण गीताबाई बीबीतच दिलेली. तिच्याकडं त्याची प्रत असणार आणि तिचे यजमान किसनराव सहीही देतील, असा हिशेब करून मी आणि माणिकराव एका एकादशीला बीबीला उतरलो.

गीताबाईंनी ओळखलं, चहा ठेवला, डोळ्याला पदर लावला. कॅसेटचं विचारलं.

“होती नं शेखरभाऊ. पन थे टेपनं खाल्ली. आमच्या घरच्यांनी लई आयकली, रोज लावे. एक दिस पुरीच गुतली आन तुटली. पोरांनी फिती ज्वारीच्या वावरात बांधल्या, पाखरं उडवाले.”

ही शेवटची आशा होती. माझं आठवं गाणं बीबीच्या ज्वारीत पाखरं उडवून संपलं होतं. मी चहा प्यायलो. साखर जास्त होती, पण सांगण्याचं त्राण नव्हतं.

किसनराव मारुतीच्या पारावर होते. ते तिथल्या भजनी मंडळाचे प्रमुख, पांढरी टोपी, कमी बोलणारा माणूस. एकादशीचं भजन चार वाजता. “आधी भजन, मंग कागद,” ते म्हणाले. आम्ही सतरंजीवर मागं बसलो. दोन भजनं झाली. माणिकराव टाळावर मान हलवत होते. मी मनात सातच गाण्यांची तयारी करत होतो.

तिसरं भजन सुरू झालं आणि माझ्या पाठीचा कणा आपोआप ताठ झाला.

“शेवटची घडी आली देवा, मंडप झाला रिकामा,” किसनरावांनी उचललं, आणि वीस माणसांनी मागून ओढलं, “तू काई आला नाही, मी उभा राह्यलो...”

शब्द त्यांचे होते. चाल माझी होती. पेटीवर, पखवाजावर, वीस टाळांवर, सूर न सूर, वळण न वळण माझं. गिटारचा जो तुकडा मी अकोल्याला सतरा वेळा चुकून अठराव्यांदा बरोबर वाजवला होता, तो एक म्हातारा पेटीवर डोळे मिटून वाजवत होता. माणिकरावांनी माझा हात धरला. मला खरंच रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

“उभा राह्यलो” वर येऊन सगळे एकदम थांबले. टाळ, पखवाज, पेटी, सारं बंद. चार श्वास शांतता. मग पुन्हा पहिल्यापासून.

भजन संपल्यावर मी पुढं सरकलो. “किसनराव, ही चाल?”

“हे आमच्या बीबीची खास,” ते म्हणाले. “तुळशीरामची चाल. लोनारकडची मंडळं शिकाले येतात, पन थे थांबनं कोनाले जमत नाही. भक्त उभा राह्यते म्हनून चालही उभी राह्यते. एका महाराजांनी त्याच्यावर घंटाभर निरूपन केलं इथं.”

“किसनराव, ही चाल माझी आहे.”

कुणीतरी हातातले टाळ सतरंजीवर ठेवले. 

“पाव्हने,” किसनराव हळूच म्हणाले, “तुळशीराम माया साळा होता. तुमी कागद घेऊन आले सहीसाठी. मेल्या मानसाची चाल माया सहीनं घेऊन जाता काय?”

 त्यांच्या जागी मीही हेच म्हणालो असतो. माणिकरावांनी मॅनीचं प्रतिज्ञापत्र खिशातून काढायला सुरुवात केली, ते मी त्यांना परत ठेवायला लावलं.

“म्हना मंग,” पेटीवाला म्हातारा म्हणाला. “तुमची हाये तं म्हना.”

मी माझे मूळ शब्द घेतले. “शेवटची एसटी गेली वो, फाटा झाला रिकामा...” दुसऱ्याच ओळीला म्हाताऱ्यानं हात वर केला. “चुकले. तिथं खाली नाही यायचं, वरच राह्याचं.” अडतीस वर्षांनी बीबीचं मंडळ मला माझं गाणं दुरुस्त करून देत होतं, आणि अपमानाची गोष्ट अशी की त्यांचं बरोबर होतं. मी पुन्हा घेतलं. “तू काई आली नाही, मी उभा राह्यलो...”

मंडळ सवयीनं थांबलं. मी थांबलो नाही. गाणं तिथं संपतच नव्हतं. सूर तिथून वर चढतो, आणि त्या चढासाठीच मी सारं गाणं केलं होतं.

“आता मीच पायी येऊन राह्यलो.”

वरच्या सुराला माझा आवाज फाटला. त्याची मला मुळीच लाज वाटली नाही. पखवाजवाल्याची बोटं त्याला न विचारताच दोन थापा देऊन गेली होती.

बायांच्या बाजूनं गीताबाई बोलल्या. “तिथंच तं पह्यल्यांदा खाल्ली टेपनं, नवी होती तवाच. येऊन राह्यलोच्या आधी. आमच्या घरच्यांनी मंग रोज तेवढीच आयकली, तेवढीच बसवली.” त्या पुढं म्हणाल्या, “दादा मले नेहमी सांगे, गीता, चाल शेखरची हाये, मी तं नुसता ठोकत होतो. मले वाटे, याले मोठेपना नको हाये म्हनून म्हंते.”

किसनरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

“आना कागद,” ते म्हणाले.

सही त्यांनी सावकाश, पूर्ण नावानं केली. कागद परत देताना हातात धरून ठेवला. “कागदावर तुमचं नाव. पन गावात हे तुळशीरामचीच चाल राहीन.”

“राहू द्या,” मी म्हणालो. मला ते मनापासून वाटलं.

“आन थांबू बी आमी आमच्याच जागी. आता सवय झाली.” ते पेटीकडं वळले, पुन्हा माझ्याकडं पाहिलं. “आमी थांबलो का तुमी म्हना.”

माणिकरावांनी मोबाइल उचलून धरला. कॅसिओवर धरत तसेच दोन्ही हातांनी. मंडळानं उचललं, पार भरून गेला, रस्त्यावरची माणसं उभी राहिली. “मी उभा राह्यलो...” वर सारं थांबलं. वीस माणसं माझ्याकडं पाहत होती. मी एकट्यानं ती ओळ म्हणालो, आवाज फाटला तिथं फाटू दिला, आणि वीस टाळांनी मला उचलून पुन्हा पहिल्या ओळीवर नेऊन ठेवलं.

सागरचा दुसऱ्या दिवशी फोन आला. माणिकरावांनी पाठवलेलं रेकॉर्डिंग त्यानं रात्रभर ऐकलं होतं. मग म्हणाला, आठवं गाणं हेच घ्यायचं, असंच. नावं कशी छापू तेवढं सांगा.

मी सांगितलं. गायक, बीबीचं भजनी मंडळ आणि शेखर जानेफळकर. चाल, शेखर जानेफळकर. ड्रम, तुळशीराम, मु. पो. बीबी.

“सर, पण या रेकॉर्डिंगमध्ये ड्रम नाहीयेत.”

“आहेत,” मी म्हणालो. “लिहा.”